पटखेळाची दुसरी आवृत्ती: ग्राहकांच्या तक्रारी, स्वस्त नक्कल आणि जुने खरेदीदार

सोंगटी_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. बेळगावात छापलेल्या एका पटखेळाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, त्याबद्दल जाणकारांचं मत हवंय.

खेळ आठवडी बाजाराचा. संकेश्वरी मिरची, खानापूरचा तांदूळ, गोकाकचा करदंट असा माल घ्यायचा आणि गावोगावच्या बाजारात नेऊन विकायचा. 2 ते 4 खेळाडू, पाऊण तास. खोक्यात 110 कार्डं (86 मालाची, 24 सणांची, दोन्हींची पाठ वेगळी), 40 लाकडी सोंगट्या, चार घड्यांचा पट आणि 8 पानी नियमपुस्तिका. पहिली छपाई 500 प्रतींची होती, किंमत 499. दुसरीही 500चीच करायची आहे.

तक्रारी अशा आल्यात. पावसाळ्यात कार्डं वाकतात. सणांची कार्डं फार जड आहेत, सुरुवातीला दोन मिळाली की तो खेळाडू पुढे सापडतच नाही. गड्डी संपली तर काय करायचं आणि बरोबरी झाली तर कोण जिंकलं, हे पुस्तिकेत नाही. कन्नड नियम हवेत. खोकं मोठं आणि आत अर्धं रिकामं.

त्यात आता तशाच चित्रांचा, जवळपास तसाच खेळ प्रदर्शनांत 299 ला मिळू लागलाय.

मोठे प्रकाशक अशा वेळी काय ऐकतात, काय सोडून देतात? किंमत उतरवावी का? आणि ज्यांनी पहिली प्रत घेतली त्यांचं काय करायचं?

---

निपाणीकर

या सगळ्या तक्रारी एका वहीत एकाखाली एक लिहिल्यात तर गोंधळ होणार. त्यांचे प्रकार वेगळे आहेत आणि प्रत्येकाला उत्तर द्यायची मुदतही वेगळी आहे.

कार्ड वाकणं हा मालातला दोष आहे. तिथे मत विचारायचं नाही, दुरुस्त करायचं. नियमातली गाळलेली जागा ही दुसरी गोष्ट. तिचं उत्तर याच आठवड्यात द्या, दुसऱ्या आवृत्तीची वाट बघू नका. एक पानाचा खुलासा तयार करा, वर तारीख आणि आवृत्ती क्रमांक घाला, पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर सोडा आणि दुकानातल्या शिल्लक प्रतींत छापील पान घाला. खुलासा लिहिताना सल्ला देत बसू नका, निकाल द्या. 'गड्डी संपली की टाकलेली कार्डं पिसून नवी गड्डी करा. ती दुसऱ्यांदा संपली की चालू फेरी पूर्ण करून खेळ थांबवा.' असं. बरोबरीचंही एका ओळीत: आधी ज्याच्याकडे रोकड जास्त तो, तीही सारखी तर ज्याच्या हातात कार्डं कमी तो.

सणांच्या कार्डांची तक्रार मात्र घाईनं सोडवू नका. ग्राहकाला जिथं दुखतं ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते, पण तो सुचवतो ते औषध बरेचदा चुकीचं असतं. 'सणांची किंमत निम्मी करा' असं दहा जण सांगतील. खरं कारण वेगळं असू शकतं: सण पहिल्या फेरीपासून काढता येतात, किंवा एका फेरीत दोन लावता येतात, किंवा तक्रार करणारे सगळे दोघांतच खेळतात. म्हणून प्रत्येक तक्रारीसोबत तीन गोष्टी विचारून घ्या. किती जण खेळत होते, हा कितवा डाव होता, आणि नियम वाचून खेळलात की कुणी शिकवला. पहिल्या डावातली 'जड' ही तक्रार आणि दहाव्या डावातली 'जड' ही तक्रार यांत फार फरक आहे.

मग मोजा. 2, 3 आणि 4 खेळाडूंचे डाव वेगवेगळे, प्रत्येकी निदान वीस. कागदावर एवढंच: पहिल्या तीन फेऱ्यांत कुणाला किती सण आले आणि जिंकलं कोण. सण जास्त आलेलाच दोघांच्या डावात सारखा जिंकतोय आणि चौघांच्या डावात तसं दिसत नाही, तर कार्डांत दोष नाही, खेळाडूंच्या संख्येप्रमाणे गड्डी कमी करायला हवी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

आणि माझं ठाम मत: दोन उपाय सारखेच चालत असतील तर जो जुन्या प्रतीत कागदाच्या चिठ्ठीनं बसतो तो निवडा. 'एका फेरीत एकच सण' हा नियम 500 जुन्या घरांत फुकट पोचतो. कार्डावरचा आकडा बदललात तर पोचत नाही.

जुन्या खरेदीदारांचं म्हणाल तर दोन उदाहरणं डोळ्यासमोर ठेवा. 'तिकीट टू राइड' हा रेल्वेमार्गांचा पटखेळ 2004 साली आला तेव्हा कार्डं फार लहान होती, हातात धरायला आणि पिसायला त्रास. त्याच्या प्रकाशकानं, डेज ऑफ वंडरने, 2006 मध्ये '1910' हा विस्तार काढला. त्यात नवी तिकिटं तर होतीच, पण मूळ खेळातली सगळी कार्डं मोठ्या आकारात पुन्हा छापून दिली. दुसरं 'डोमिनियन' या कार्डांच्या खेळाचं. 2016 च्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ संचातली कमी पडलेली 6 कार्डं काढली आणि 7 नवी घातली. ज्यांच्याकडे जुना खेळ होता त्यांच्यासाठी फक्त नव्या कार्डांचं वेगळं पाकीट विकायला ठेवलं. पुन्हा सगळा खेळ घ्या असं कुणाला सांगितलं नाही.

---

छपाई_शहापूर

निपाणीकरांचं पटतं, पण सुट्या बदली कार्डांत एक मोठी गोम आहे, ती आधी सांगतो.

दुसऱ्या वेळी छापलेल्या कार्डाची पाठ पहिल्या छपाईशी तंतोतंत जुळत नाही. शाई तीच, फाइल तीच, तरी छटा सरकते. कागदाची लॉट बदलली की जाडीही बदलते. 86 कार्डांच्या गड्डीत 5 नवी मिसळलीत तर दोन डावांत खेळाडू पाठ बघूनच कार्ड ओळखतील. म्हणून बदल करायचाच तर ज्या गड्डीची पाठ वेगळी आहे ती गड्डी अख्खी बदला. तुमच्या नशिबानं सणांची पाठ वेगळी आहे. जुन्या ग्राहकाला 24 च्या 24 सण पाठवा, मधली चार नकोत.

आता शीटचा हिशोब. 63×88 मिमीचं कार्ड, चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरून 69×94. 25×36 ची शीट अर्धी केली की 18×25 इंच, म्हणजे 457×635 मिमी. त्यात सहा-सहा कार्डांच्या सहा ओळी, म्हणजे 36 कार्डं बसतात आणि ग्रिपरला (यंत्र कागद जिथं पकडतं त्या कडेला) जागा उरते. तुमची 110 कार्डं आहेत. तीन शीटांत 108. दोन कार्डांसाठी चौथी शीट, चार रंगांच्या पुढच्या-मागच्या प्लेटा आणि पंचिंगचा (साच्यानं कार्डं कापायचा) आणखी एक फेरा! पहिल्या वेळी चौथ्या शीटवरच्या 34 जागांचे पैसे बहुधा फुकट गेले असणार.

दोन वाटा आहेत. मालाची दोन कार्डं कमी करून 108 वर या. किंवा चौथी शीट पूर्ण वापरा: उरलेली 2, जुन्या ग्राहकांसाठी सणांची जादा गड्डी 24, चार खेळाडूंना नियमांची सारांश-कार्डं 4, म्हणजे 30. राहिलेल्या 6 जागांत मालाच्या पाठीची कोरी कार्डं छापा, कार्ड हरवलं तर त्यावर लिहून चालवता येतं. 500 शीटांत 500 जादा गड्ड्या निघतात आणि तुमच्या जुन्या प्रतीही 500च आहेत. निपाणीकर म्हणतात तसं नियमानंच भागलं तर पहिली वाट धरा, सणांना हात लावायचा असेल तर दुसरी.

वाकण्याबद्दल. फोटो न बघताही सांगतो, 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आर्ट कार्डला एकाच बाजूनं लॅमिनेशन झालंय. कागद दमट हवेत फुगतो, प्लास्टिकची फिल्म फुगत नाही. त्यामुळे उघडी बाजू वाढते आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, आणि खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर विचारूच नका, हे होणारच. उपाय दोन: दोन्ही बाजूंना सारख्या मायक्रॉनची मॅट फिल्म, किंवा फिल्म पूर्ण सोडून दोन्ही बाजूंना पाण्याच्या बेसचं वॉर्निश. वॉर्निश स्वस्त, पिसायलाही बरं, पण कडा लवकर झिजतात. शाळा-वाचनालयांत खेळ जाणार असेल तर फिल्म घ्या.

शीटवर जागा वाचवायला काही कार्डं उभी आणि काही आडवी लावू नका. कागदाच्या तंतूंची दिशा बदलते, मग अर्धी गड्डी एकीकडे वळते, अर्धी दुसरीकडे. सगळा माल कापायच्या आधी छापखान्याकडून दहा तयार कार्डं मागून घ्या. बंद डब्यात ओलं फडकं ठेवा, त्याला न लागता कार्डं रात्रभर ठेवा, सकाळी काचेवर टाकून कोपरा किती उचललाय ते मोजा. 2 मिमीच्या आत असेल तर हिरवा कंदील द्या.

पाठीवर पातळ पांढरी चौकट असेल तर ती काढाच. पंचिंग अर्धा मिमी सरकलं तरी चौकट एका बाजूला जाड दिसते आणि तेवढ्यावरून कार्ड ओळखू येतं.

पटाचंही तसंच. 2 मिमी ग्रे बोर्डला (राखाडी पुठ्ठ्याला) फक्त वरून छापील कागद चिकटवला असेल तर पट वाटीसारखा होतो. खालूनही त्याच वजनाचा कागद चिकटवून घ्या, साधा काळा चालतो.

---

खानापूरची_वाचक

कन्नड नियमांचा मुद्दा सगळ्यांनी मागे टाकला, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात एकाच गल्लीत, एकाच वर्गात दोन्ही भाषांची मुलं असतात. कार्डं मराठीत आणि पुस्तिका तेवढी कन्नडमध्ये, असं केलंत तर खेळ अर्धाच पोचेल.

युरोपातले प्रकाशक अनेक भाषांच्या आवृत्त्या एकत्र छापतात, त्यांची युक्ती इथे चालते. कार्डावरचा सगळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा, 100 टक्के काळा, चित्रावर ओव्हरप्रिंट (खालचे रंग न कापता थेट वरून छापलेला). मग भाषा बदलताना चार प्लेटांपैकी काळी तेवढी बदलते, बाकी तीन त्याच. रंगीत चित्रात पांढरी अक्षरं सोडलीत की हे जमत नाही, कारण ती जागा चारही प्लेटांत कोरी असते.

त्याहून चांगलं म्हणजे कार्डावर मजकूरच नको. मिरचीचं चित्र, आकडा, कुठल्या बाजारात काय भाव ते रंगानं. रंगासोबत आकारही वेगळा ठेवा (गोल, चौकोन, त्रिकोण), लाल-हिरवा वेगळा न दिसणारे खेळाडू असतातच. सणांच्या कार्डांना मात्र एखादी ओळ लागेल, तिथे वर मराठी, खाली कन्नड.

भाषांतर झालं की ब्लाइंड प्लेटेस्ट करा. ज्यांनी खेळ बघितलेला नाही असे चार कन्नड भाषक बसवा, समोर फक्त पुस्तिका, तुम्ही तोंड उघडायचं नाही. ते जिथे थांबतात, मागचं पान उलटतात, एकमेकांकडे बघतात, त्या ओळीवर खूण करा. मराठी पुस्तिकेचीही अशीच चाचणी घ्या. ज्याने खेळ बनवला त्याला गाळलेली जागा दिसत नाही, कारण ती त्याच्या डोक्यात भरलेली असते.

---

पगडी_अनगोळ

किंमत आणि नक्कल यांवर लिहितो.

आधी आकडे. 499 तल्या दुकानदाराच्या 40 टक्के वजा केल्या की हातात 299. उत्पादन, तूट आणि वाहतूक मिळून 165 धरू, कर बाजूला ठेवू. उरले 134. किंमत 399 केलीत तर हातात 239, खर्च तोच, उरले 74. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला जवळपास 1.8 पट प्रती विकाव्या लागतील. आणि 399 करूनही समोरचा 299 लाच आहे. त्याला चित्रकार, चाचण्या, बदली कार्डं यांचा खर्च नाही, त्या आखाड्यात उतरून तुम्ही जिंकणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. खेळण्याची पद्धत, म्हणजे माल घ्या, फिरवा, विका, हिच्यावर कॉपीराइट नसतो. चित्रं, पटाची मांडणी आणि नियमपुस्तिकेची शब्दरचना यांवर असतो. चित्रं उचलली असतील तर मूळ फाइली, चित्रकाराशी झालेला करार आणि पहिल्या विक्रीची बिलं एकत्र करून वकिलाकडून नोटीस द्या. चित्रकाराशी लेखी करार नसेल तर आधी तो करा, नाहीतर नोटीस कुणाच्या नावानं द्यायची? खेळाचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग 28 मध्ये नोंदवा.

आता स्पर्धेत ग्राहक कशानं टिकतो ते बघा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची चौथी आवृत्ती 2008 मध्ये आली, मूळ खेळापासून फार दूर गेली असं पुष्कळ खेळाडूंना वाटलं. पायझो या दुसऱ्या प्रकाशकाने 2009 मध्ये 'पाथफाइंडर' काढला, जुन्या नियमांवर उभा, आणि छापायच्या आधी नियम खेळाडूंकडून उघडपणे तपासून घेतले. नाराज माणसं तिकडे गेली. 'डंजन्स'च्या प्रकाशकाने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, पुढची आवृत्ती करताना 2012 पासून मसुदे लोकांना खेळायला दिले, मगच 2014 मध्ये पाचवी आवृत्ती आणली. स्पर्धकानं केलेली गोष्ट त्यांनीही केली: छापायच्या आधी विचारलं.

त्याच कंपनीनं जानेवारी 2023 मध्ये इतर प्रकाशकांना आपले नियम वापरू देणारा खुला परवाना बदलायचा घाट घातला, मसुदा फुटला आणि ग्राहकांनी डिजिटल वर्गणी बंद करायला सुरुवात केली. मग कंपनीनं मतं मागवली. 15,000 हून जास्त उत्तरं आली, 88 टक्के लोक म्हणाले की नव्या परवान्याखाली आम्ही काही छापणार नाही. महिना संपायच्या आत जुना परवाना जसाच्या तसा राहिला आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (कुणालाही वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली) गेला. तिथे तक्रारीच्या शब्दांपेक्षा रद्द झालेल्या वर्गण्या जास्त बोलल्या, असं मला वाटतं.

गेम्स वर्कशॉपचंही बघण्यासारखं आहे. 2015 मध्ये 'एज ऑफ सिग्मार' हा छोट्या पुतळ्यांच्या सैन्यांचा युद्धखेळ आणताना त्यांनी सैन्याची ताकद मोजणारी गुणसंख्याच काढून टाकली. अनोळखी दोघं समोरासमोर आले की सामना बरोबरीचा कसा करायचा ते ठरेना. 2016 च्या 'जनरल्स हँडबुक'मध्ये गुण परत आले. लोक गुण मागत होते ते आकड्यांच्या हौसेनं नव्हे, वाद न होता डाव सुरू व्हावा म्हणून. तुमच्या सणांच्या तक्रारीमागे असंच काय आहे ते शोधा.

सगळंच मत घेणं म्हणजे ऐकणं नव्हे, हेही खरं. 2013 मध्ये मोनोपॉलीच्या सोंगट्यांसाठी मतदान घेतलं, इस्त्री गेली आणि मांजर आलं. खेळ तोच राहिला. अशी मतदानं खुशाल घ्या, खोक्यावरचं चित्र कुठलं हवं वगैरे. पण समतोल मतदानानं ठरवू नका.

तेव्हा 499 तसेच ठेवा. फरक ग्राहकाच्या हातात दिसू द्या: न वाकणारी कार्डं, दोन भाषा, आणि खोक्याच्या आत एक चिठ्ठी, 'कार्ड किंवा सोंगटी हरवली तर या नंबरवर कळवा, एका वर्षात फुकट देऊ.' चार-पाच कार्डं 10 ग्रॅमच्या आत भरतात, साध्या पाकिटातून जातात. 299 वाल्याकडून हे होणार नाही.

---

सोंगटी_टिळकवाडी

मनापासून आभार. 110 चा हिशोब डोळे उघडणारा आहे. आधी डाव मोजतो, 'एका फेरीत एकच सण' करून बघतो, आणि नियमांचा खुलासा याच आठवड्यात सोडतो.

दोन शंका. खोकं लहान केलं तर दुकानदार म्हणतात की 499 ला एवढंसं खोकं ग्राहक उचलणार नाही. खरं का? आणि लाकडी सोंगट्या रंगवून घेताना काही बघावं लागतं का?

---

छपाई_शहापूर

खोक्याचं: दुकानदाराचं म्हणणं अगदीच चूक नाही, फळीवर मोठं खोकं दिसतं. पण कुरिअर आकारमानाचं भाडं लावतो. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000. 30×30×7 चं खोकं म्हणजे 1.26 किलोचं भाडं, आत किलोभरसुद्धा माल नसला तरी. 24×18×5 केलंत तर आकारमानाचे 0.43 किलो होतात, मग भाडं प्रत्यक्ष वजनावर येतं. पट लहान करायची गरज नाही. चार घड्यांऐवजी सहा घड्या, तीन बाय दोन. 17×23 च्या घडीत 51×46 सेंमीचा पट बसतो. घडीवर कापड किंवा लवचीक कागदाची पट्टी लागेल, नाहीतर सांध्यावर छपाई तडकते.

निम्म्याहून जास्त विक्री ऑनलाइन असेल तर लहान खोकं, प्रदर्शनं आणि दुकानं जास्त असतील तर मधला आकार.

---

पगडी_अनगोळ

सोंगट्यांचं नीट बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह सक्तीचं आहे, मानक आयएस 9873. त्याच्या भाग 3 मध्ये रंगातून सुटणाऱ्या शिसं वगैरे धातूंची तपासणी येते. खोक्यावर 14+ लिहिलं की सुटलो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खेळ उघडपणे मुलांसाठी दिसत असेल, चित्रं आणि जाहिरात तशी असेल, तर नुसत्या आकड्यानं भागत नाही. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या वस्तूंना सूट आहे, पण ती त्यांच्या मालाला. तुमच्या अख्ख्या खोक्याला लागू होते का, ते बीआयएसच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. रंगवणाऱ्याकडून रंगाच्या कंपनीचं शिसेमुक्त असल्याचं पत्र आणि लॉट नंबर घेऊन फाइलला लावा.

खोक्यावर कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहकानं तक्रार कुठे करायची त्याचा फोन व ईमेल हे सगळं छापावंच लागतं. तोच फोन नंबर आतल्या चिठ्ठीवर द्या आणि प्रत्येक फोनला निपाणीकरांनी सांगितलेले तीन प्रश्न विचारा.

---

खानापूरची_वाचक

एक राहिलं. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'आवृत्ती 2' आणि छपाईचा महिना टाका, कार्डांच्या कोपऱ्यातही 2 चा आकडा. उद्या कुणी फोन करून म्हणालं की सणाचं कार्ड पुस्तिकेशी जुळत नाही, तर त्याच्या हातात कुठली प्रत आहे ते लगेच कळेल. आणि कन्नड पुस्तिकेतले पान क्रमांक मराठीशी जुळते ठेवा, म्हणजे एकाच पटावर दोन भाषांत खेळणाऱ्यांना 'पान 5 बघ' एवढं म्हटलं तरी पुरतं.